इंदूआत्याने न सांगितलेलं शेवटचं पान

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं आहे. काल सकाळी त्या घरातल्या मुलीने बाल्कनीत प्लास्टिकचा कागद पसरला आणि त्यावर डावाने साबुदाण्याच्या पापड्या घालायला सुरुवात केली. तिच्या पापड्या काही गोल होत नव्हत्या. मी इकडे डोंबिवलीच्या माझ्या खिडकीत उभी राहून मनातल्या मनात तिचा हात धरत होते. चैत्र लागला की माझं असं होतं. ऊन पांढरं पडायला लागतं, दुपारी रस्ते ओस पडतात, कुठल्याशा स्वयंपाकघरातून चीक शिजल्याचा आंबूस वास येतो आणि मी पुन्हा कल्याणच्या त्या गच्चीवर जाऊन बसते. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरात बसले होते. बसले होते म्हणजे लग्नाची वाट पाहत होते. आमच्याकडे तेव्हा या दोन्हींचा अर्थ एकच होता.

भाड्याचं घर होतं आमचं, काळ्या तलावापासून जवळ. खाली मालक, वर आम्ही आणि आमच्या डोक्यावर ती गच्ची. गच्चीवरून एका बाजूला भाताच्या गिरण्यांची धुरांडी दिसत आणि दुसऱ्या बाजूला दुर्गाडी किल्ल्यापलीकडे चमकणारी खाडी. उन्हाळ्यात तुसाचा वास आणि खाडीचा खारा वारा दोन्ही एकदम नाकात शिरायचे. उन्हाळभर आळीतल्या बायका वाळवणं घालायला याच गच्चीवर जमत. उडदाचं पीठ मुसळाने कुटून झालं, लाट्या तोडून झाल्या की पोळपाटांची रांग लागे. पापड लाटताना हात अडकलेले असतात, पण कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांसाठी इंदूआत्या गोष्ट सांगायची.

इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची धाकटी बहीण. तेव्हा ती तिशीची असेल. लग्नानंतर वर्षभरातच तिच्या नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि नंतर कधी नेलंच नाही. पुढे त्याने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. आत्या कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, पण हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. देवळात जायची तीही भल्या सकाळी, गर्दी व्हायच्या आत. एरवी तिचं सगळं जग म्हणजे स्वयंपाकघर, जिना आणि गच्ची. तिच्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज आपोआप खाली येई. "ती हो, त्यांची टाकलेली बहीण," असं म्हणत.

अण्णा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते आणि संध्याकाळी गावातल्या एका छोट्या वाचनालयाचे चिटणीस. येताना ते पिशवीतून पुस्तकं आणत. त्यांना स्वतःला वाचायला वेळ नसे. आल्याबरोबर पिशवी खुंटीला लागायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या ती उतरवायची. ती काय वाचते हे अण्णांनी कधी विचारलं नाही आणि आत्यानेही कधी सांगितलं नाही. पण तिने वाचलेलं सगळं गच्चीवर यायचं.

त्या वर्षी आलं ते एका अमेरिकन लेखिकेचं पुस्तक. कादंबरीचं मराठी भाषांतर होतं, जाडजूड, तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेलं. लेखिकेचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून ती झाली ‘अमेरिकेची बाई’. गोष्ट होती मार्था नावाच्या एका शेतकरणीची. आभाळ जमिनीला टेकेपर्यंत नुसतं गवतच गवत असलेला मुलूख, त्यात एक लाकडी घर. नवरा नशीब काढायला म्हणून दूर शहरात जातो तो येतच नाही. मार्था एकटी जमीन नांगरते, मूल पुरते, बर्फात अडकलेली गाय ओढून काढते. आत्या सांगायला लागली की गच्चीवर लाटण्यांचा आवाज हळू व्हायचा.

"बर्फ म्हणजे कसा असतो गं इंदू?" आमच्या शेजारच्या गोदाकाकूंनी विचारलं. गोदाकाकू म्हणजे आळीतलं मोठं प्रस्थ, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

आत्याने जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या हिराबाईकडे पाहिलं. हिराबाई खाडीकडच्या गावातली आगरीण. पावसाच्या आधी घरोघरी वर्षाचं मीठ घालायला यायची आणि मीठ मोजून झालं तरी गोष्टीसाठी टोपली उपडी घालून तिच्यावर बसायची. "हिराबाई, मिठागरात मीठ कसं पांढरं पांढरं पसरतं, ते आभाळातून पडलं तर?" आत्या म्हणाली.

"आगो बाय! मंग तिचे पाय फुटलं असतील," हिराबाई म्हणाली आणि आपल्याच भेगाळलेल्या टाचांकडे पाहू लागली. त्या दिवसापासून मार्था जणू हिराबाईच्याच गावची झाली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या ती विचारायची, "मारताबायचं कसं चाललंय?"

फाल्गुन सरता सरता आत्याचे दीर आमच्याकडे आले. नाशिककडचे. इतक्या वर्षांत त्या घरातून कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून आईची धांदल उडाली. त्यांनी चहा घेतला आणि आपलं काम सांगितलं. भावाची दुसरी बायको बाळंतपणात गेली होती. मागे दोन लहान मुलं होती. "झालं गेलं विसरून वहिनींनी परत यावं. घर त्यांचंच आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मी न्यायला येतो," असं म्हणून ते गेले.

आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला. अण्णांना वाटलं, देवाने ऐकलं. आईला वाटलं, वन्संचं नशीब उघडलं. शिवाय आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला ठाऊक होती. माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हळूच विचारायचं, "मुलीची आत्या म्हणे घरीच असते?" ती सासरी गेली की हा प्रश्नच मिटत होता. सगळ्यांचं सगळं जमत होतं. आत्याने त्या दिवशी सगळ्यांना शिरा वाढला. तिला स्वतःला कुणी काही विचारलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. मलाही नाही.

त्यानंतरच्या दुपारी आठवल्या की अजून गुदमरायला होतं. वारा पडलेला असायचा. गच्ची तापून तवा व्हायची, आम्ही ओल्या गोणपाटावर पाय ठेवून कुरडया घालायचो. आई खाली आत्याची जुनी ट्रंक पुसून ठेवत होती, लुगड्यांना उन्हं दाखवत होती. आत्या सोऱ्या फिरवत बसायची. तिचे हात नेहमीसारखेच चालत, फक्त ती मधेच थांबायची आणि गिरणीच्या धुरांड्याकडे बघत राहायची. मग कुणीतरी म्हणायचं, "इंदू, पुढे?" की ती दचकून पुन्हा गवताच्या मुलखात जायची.

गोष्ट शेवटाला आली होती. दूर गेलेल्या नवऱ्याचा मार्थाला निरोप येतो, मी इथे स्थिरावलो आहे, तू निघून ये. बायका लाटणी थांबवून बसल्या होत्या. आत्याने सोऱ्या खाली ठेवला. "मग?" गोदाकाकू म्हणाल्या.

"मग मार्था दाराशी उभी राहिली," आत्या म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला होता. "तिने निरोप्याला पाणी दिलं, भाकरी दिली. आणि म्हणाली, मी येत नाही म्हणून सांग. मला पेरणी करायची आहे."

हिराबाईने मांडीवर थाप मारली. "बरा केलान! येवऱ्या वर्सानी आठवन आली काय त्याला!" सगळ्याजणी हसल्या. गोदाकाकूही हसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पीठ डोळ्यांत गेलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती लेखिका वारल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. आमच्या वाचनालयात तिचं ते एकच पुस्तक होतं, पण एवढं वाचलं गेलेलं दुसरं नव्हतं. बाइंडिंग दोनदा करावं लागलं होतं. अध्यक्षांनी ठरवलं की गावातर्फे श्रद्धांजली वाहायची, नुसता ठराव नाही, चांगली जाहीर सभा घ्यायची. तलावाजवळच्या शाळेच्या पटांगणात मांडव पडला. मुंबईहून लेखिकेचा मोठा फोटो मागवला गेला, तिथलेच इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक वक्ते म्हणून ठरले. कल्याणमध्ये परदेशी लेखिकेसाठी सभा म्हणजे नवलाईच होती. भाजी घेतानासुद्धा लोक तिच्याबद्दल बोलत होते.

आभार मानायचं काम अण्णांकडे होतं. जेवताना ते आत्याला म्हणाले, "इंदू, ते पुस्तक तू वाचलंयस ना? दोन वाक्यं बोलायला हवीत मला. काय आहे त्यात?"

"एका बाईची गोष्ट आहे दादा."

"शेवट गोड आहे ना?"

आत्या ताटात ताक वाढत होती. "हो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अण्णा, सभेला आत्याही येऊ दे ना. आळीतल्या सगळ्या बायका चालल्यात."

अण्णांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आता चार दिवसांसाठी कशाला चारचौघांत? उद्या सासरी गेल्यावर खुशाल जाऊ दे सगळीकडे. आणि संध्याकाळी कुरडया कोण काढणार?"

आत्या म्हणाली, "मी थांबते, वहिनी."

सभेला खरोखर सगळं गाव लोटलं होतं. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, डाव्या बाजूला बायका. फोटोतली लेखिका म्हातारी होती. चापून बसवलेले पांढरे केस, उन्हात काम केल्यासारखी रापलेली कातडी. फोटोला गावातल्या माळ्याने केलेला मोगऱ्याचा हार. "अगदी आपल्यातलीच कुणी दिसते," कुणीतरी म्हणालं. हिराबाई बायकांच्या अगदी शेवटी, टोपली शेजारी ठेवून बसली होती.

प्राध्यापक फार सुंदर बोलले. आधी लेखिकेचं आयुष्य सांगितलं, मग मार्थाची गोष्ट. गवताचा समुद्र, बर्फातली गाय, मुलाला पुरताना मोडलेली कुदळ. आम्ही बायका एकमेकींकडे बघत होतो. आमच्या ओळखीच्या माणसाबद्दल परगावचा कुणीतरी चांगलं बोलत होता, तसं वाटत होतं. आणि मग ते शेवटावर आले.

"निरोप येतो," ते म्हणाले, "आणि ही मानी, कष्टाळू स्त्री क्षणभरही विचार न करता गाडी जुंपते. जमीन, घर, मुलाची कबर, सगळं मागे टाकून ती पतीकडे निघते. मित्रहो, स्त्री अमेरिकेतली असो की आपल्या कल्याणमधली, तिचं हृदय एकच!"

पुरुषांकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या बाजूला एकही टाळी वाजली नाही. मी गोदाकाकूंकडे पाहिलं, त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला, "नाय जेली ती!"

सगळ्यांच्या माना वळल्या. हिराबाई उभी होती. "मारताबाय परत नाय जेली. तिनी सांगलान, मना पेरनी कराचीय."

हशा पिकला. प्राध्यापक मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी पुस्तक उघडून वर धरलं. "बाई, इथे छापलेलं आहे."

"मंग छापनारा चुकला असंल," हिराबाई म्हणाली.

हसणं आणखी वाढलं. आणि तेवढ्यात गोदाकाकू उठल्या. गोदाकाकू पुरुषांच्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या आहेत, हे दृश्य कल्याणने त्यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आम्हालाही तसंच ठाऊक आहे. ती जात नाही." त्यांच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. हसणं विझलं.

अध्यक्षांनी विचारलं, "पण तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

बायकांपैकी कुणीही नाव घेतलं नाही. हिराबाईसुद्धा गप्प राहिली. माझ्या शेजारी आई सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत होती. गोदाकाकूंनी फक्त व्यासपीठावर एकदा पाहिलं, जिथे अण्णा आभाराचा कागद हातात घेऊन बसले होते. आपल्या घरात कोण वाचतं हे अण्णांना नव्याने सांगायला नको होतं. त्यांनी आभार मानले खरे, पण अध्यक्षांचंच नाव घ्यायला विसरले.

घरी आल्यावर अण्णा चपला न काढताच गच्चीवर गेले. मी त्यांच्या मागे. ऊन नुकतंच उतरलं होतं. आत्या गुडघ्यांवर बसून धोतराच्या फडक्यावरून एकेक कुरडई अलगद सोडवत होती.

"इंदू, तू शेवट बदलून सांगितलास?"

तिने वर पाहिलं. "हो."

"का? ज्या बाईला श्रद्धांजली वाहायला गाव जमलं, तिचंच पुस्तक खोटं पाडायचं? मुंबईच्या माणसासमोर हिराबाई, गोदाकाकू उठून म्हणाल्या, ती जात नाही म्हणून. शोभा झाली!"

आत्या हातातली कुरडई टोपल्यात ठेवून उभी राहिली. "बाकी सगळं मी जसंच्या तसं सांगितलं, दादा. तिची थंडी, तिचं मूल, सगळं. शेवटचं पान तेवढं सांगता आलं नाही. भावोजी येऊन गेले होते. बायका म्हणाल्या, पुढे सांग. मी सांगायला तोंड उघडलं, ती गेली म्हणून. पण निघालं, ती गेली नाही."

पटांगणातला कर्णा अजून उतरवला नव्हता, कुणीतरी त्यात "हॅलो, हॅलो" करत होतं.

"तुला जायचं नाही?"

"मला कुणी विचारलं होतं?"

"इंदू, अगं लोक काय म्हणतील?"

"लोक आज म्हणाले ना, दादा," आत्या म्हणाली.

अण्णा कठड्यावर बसले. मग उठून खाली गेले. मला वाटलं होतं, आता ते हो किंवा नाही काहीतरी सांगतील. पण घरात पुन्हा तोच विषय निघेना. आईने ट्रंक आवरायचं थांबवलं नाही आणि आत्याने वाळवणं डब्यांत भरायचं थांबवलं नाही. कैऱ्या आल्या, लोणचं घातलं गेलं. दिवसा सगळी दारं उघडी असायची, तरी घरात कोंडल्यासारखं वाटायचं. एकच गोष्ट वेगळी झाली. अण्णा रविवारी दुपारी झोपेनासे झाले. माजघरात खांबाला टेकून ते तपकिरी वेष्टणाचं पुस्तक वाचायचे, बोट ओळींखालून फिरवत, कोर्टातले कागद वाचावेत तसं. शेवटच्या पानावर आले तेव्हा मी समोर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवलं.

ठरल्याप्रमाणे दीर आले. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, आईने गूळपाणी दिलं. ट्रंक दाराशी होती. आत्या स्वयंपाकघराच्या चौकटीआड उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"निघायचं ना? गाडी सापडायला हवी," दीर म्हणाले.

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "ती येणार नाही."

"म्हणजे? कुणी काही भरवलं का?"

"तिच्या मनात नाही."

"अहो, बायकांच्या मनाचं काय घेऊन बसलात! त्यांना काय विचारायचं असतं?"

"मीही विचारलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं नाही विचारलं. आता विचारलं, तर ती नाही म्हणाली."

दीर खूप बोलले. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही म्हणाले, मुलांच्या तळतळाटाचं बोलले. त्या मुलांचं ऐकताना आत्याने डोळे मिटून घेतले, ते मी पाहिलं. तिला त्या मुलांसाठी वाईट वाटत नव्हतं असं मुळीच नाही. पुढेही कधीतरी ती मधेच म्हणायची, "आता मोठी झाली असतील नाही?" दीर गेल्यावर ट्रंक तशीच दाराशी राहिली. अण्णा सदरा चढवून बाहेर गेले. आई बराच वेळ चुलीपुढे पाठमोरी बसून होती. मग न वळताच म्हणाली, "वन्सं, कणीक मळून घ्या. माझा हात दुखतोय." आत्याने परात ओढली. ट्रंक मी आणि आत्याने दुसऱ्या दिवशी उचलून आत नेली.

यानंतर आत्याचं आयुष्य बदललं असं मला लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. ती त्याच घरात राहिली. तेच स्वयंपाकघर, तोच जिना. हळदीकुंकवाला गोदाकाकू तेवढ्या तिला हाताला धरून नेत, बाकी घरं पूर्वीसारखीच. माझी दोन स्थळं तिच्यावरून मोडली. दोन्ही वेळा अण्णांनी आधीच सांगून टाकलं होतं, "माझी बहीण माझ्याकडे असते आणि असणार आहे." आईने त्यावरून अबोला धरला, मग सोडला. आत्याच्या पायातली दोरी कुणी कापली नव्हती. फक्त ती दुसऱ्या कुणाच्या हातात जायची होती, ती गेली नाही. पुढे मी ते पुस्तक स्वतः वाचलं तेव्हा त्या अमेरिकेच्या बाईचा मला राग आला नाही. तिला मार्थाला गाडीत बसवताना दुसरी वाट दिसली नसेल. तिच्या पुस्तकावरून खाडीकाठची एक बाई भर सभेत भांडली, हे कळलं असतं तर ती खूश झाली असती असं मला उगाचच वाटतं. एवढा मोठा हार त्या दिवशी तिच्या फोटोला दुसरा पडला नव्हता.

माझं लग्न ठरलं त्याला आणखी दोन उन्हाळे गेले. डोंबिवलीचं घर, शाळामास्तर नवरा. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. जो तो मला काहीतरी सांगत होता. सासूला उलट बोलू नको, पडतं घे, आता तेच घर तुझं. मी नुसती मान हलवत होते आणि आतून घाबरून गेले होते. आत्या माझ्या केसांना तेल लावत होती. ती काहीच बोलली नाही. वेणी घालून झाली, तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "तिथे नीट राहा. पण परत यावंसं वाटलं तर ये हो. कुणाला विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. दार उघडायला मी आहे."

मला परत जावं लागलं नाही. वाईट दिवस आले, तसे सगळ्यांनाच येतात. त्या दिवसांत कधी कधी मी संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहायचे, कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघायचे आणि पुन्हा आत जाऊन दिवा लावायचे. लोक म्हणायचे, मास्तरांच्या बायकोने संसार नेटाने केला. केला खरा. पण तो मला करता आला, कारण तो सोडून येण्याची परवानगी मला एका माणसाने देऊन ठेवली होती.